क्रोशाचं कव्हर

"काकू, गेम कन्सोलला कोणी क्रोशाचं कव्हर घालतं का? हवा कोंडली, मशीन तापून बंद पडलं," कंपनीचा मेकॅनिक म्हणाला.

इंदुमतीबाई उसळल्या. "मिक्सरला घालते, टीव्हीला घालते, मग ह्यांना उघड्यावर ठेवू?"

विद्याधरराव जाऊन वर्ष झालं होतं. पण त्यांचा कॅरमचा हात कन्सोलने आधीच शिकून घेतला होता. रोज संध्याकाळी बाई त्यांच्याशी एक डाव खेळायच्या.

"आणि एका डावाने एवढं तापतं होय?"

मेकॅनिक चाचरला. "डाव एकच तुमचा. बाकी दिवसभर कंपनी ह्याच मशीनवरून, इंटरनेटने, काकांना दुसऱ्यांच्या घरी खेळवते. शेकडो घरी, एकाच वेळी."

म्हणजे हल्ली राणी समोर असूनही त्यांचा नेम चुकायचा, तो ह्यामुळे! आणि बाई समजत होत्या, आपल्यासाठी मुद्दाम हरताहेत.

"पंखा बदलला की काका परत सुरू," म्हणत मेकॅनिकने स्क्रूड्रायव्हर काढला.

"हात लावू नका! जन्मभर कारखान्यात तिन्ही पाळ्यांत राबले, आता मेल्यावर तुमची चाकरी करायची?" बाईंनी कव्हर ओढून घट्ट बसवलं. "कंपनीला सांगा, ते रिटायर झाले."