वहीतला पाचवा

चीनच्या लढाईनंतरचं वर्ष होतं. शिरूरकडच्या एका टेकडीतलं भुयार मोजायला चार गोरे आले आणि गावानं त्यांना हेर ठरवून टाकलं. वटवाघळांची वस्ती बघायला कुणी समुद्र ओलांडून येतं का? त्यात मिशनच्या योहान मास्तरांनी त्यांची वही चोरून वाचली. "पाटील, माणसं चार, पण वहीत रोज पाच खुणा. पाचवा आत दडवलाय."

"हुडका त्याला," फौजदारांचा निरोप आला.

दोन दिवस सगळं गाव भुयारात आतबाहेर करत होतं. गोरे आत उतरले की तोंडाशी त्यांचा दोर धरून एकटी म्हाळसा धनगरीण बसायची. जाणारा-येणारा तिला वळसा घालून जायचा. तिसऱ्या दिवशी पोलीस पाटील थकून तिच्याशेजारी टेकले.

"म्हाळसाक्का, पाचवा मानूस कवा दिसला का गं?"

"मीच की ती!" म्हातारी हरखली. "सांजच्याला समदी वर आली की थोरला सायब मोजतो. चार झाले की माझ्याकडं बोट करून पाच म्हनतो, मगच वही मिटतो. परवा मी जरा झाडाआड गेले, तर चौघं हाका मारत हुडकत फिरले. नवरा गेल्यापास्नं मला कुनी हुडकलं नव्हतं बघा."

पाटलांचा जीव भांड्यात पडला. मास्तरांना हाक मारून ते म्हणाले, "लिवा फौजदारास्नी. समदं तपासलं. पाचवं कुनीच न्हाई."