वडील नावाचा ग्राहक

सन दोन हजार एक्क्याण्णव, आषाढातील एक संध्याकाळ, नागपूर, धरमपेठ. कामासाठी निश्चय पुरवणारे, कार्यालयाने कानामागे बसवलेले यंत्र घरी येताच बंद पडे आणि उद्धव पिंपळखरे बुटांसकट सोफ्यावर कोसळे. वडिलांबरोबरचा बुद्धिबळाचा डाव वर्षभर तसाच मांडून पडला होता. आज मात्र वैतागून त्याने यंत्रालाच फसवले: वडिलांची नोंद 'ग्राहक' म्हणून केली. यंत्र तत्काळ जागे झाले. ताठ बसून उद्धवने भराभर चाली केल्या, डाव जिंकला आणि हात पुढे करून म्हणाला, "आपल्या अमूल्य वेळेबद्दल आभारी आहोत. सेवेविषयी काही अभिप्राय?"

"अभिप्राय?" वडील कडाडले. "उद्धवा, समोर बसून घोरलास तरी चालेल, पण या माणसाला पुन्हा घरात आणू नकोस."