गाईचा कान

वासरू खाटकाकडे गेलं की विधवा ब्राइनलेच्या लेकीचं लग्न उभं राहणार होतं. विकण्यासारखं घरात दुसरं काही नव्हतं. पण गाईचं पहिलंच वेत, त्यात गोऱ्हा. ज्यू घरातल्या जनावराचा पहिला नर देवाचा. कापायचा नाही, जुंपायचा नाही, पुरोहिताच्या घरी नुसता पोसायचा. जुन्या पंडितांनी तोड काढली होती: वेताआधी गाईचा कान परधर्मीयाला विकावा. गाय पुरती ज्यूची राहिली नाही, की वासरू मोकळं. ब्राइनलेनं कान विकला होता शेजारच्या ख्रिस्ती अंतोन मोच्याला.

तोच अंतोन ज्यूंचे धर्मगुरू राब्बी लेम्ले यांच्या दारात टोपी चुरगळत उभा होता.

"राब्बी, तो सौदा खोटा आहे."

"वासरात वाटा हवाय वाटतं?"

"काही नको. खोटा आहे, एवढंच."

राब्बींनी गोंधळून ग्रंथ काढले. एक टीकाकार म्हणे, सौदा नाण्यानं पुरा होतो. दुसरा म्हणे, जनावर ओढावं लागतं. तिसरा म्हणे, दोन्ही करा नि सुटा.

"नाणं दिलंस?"

"दिलं."

"गाय ओढलीस?"

"कुंपणापर्यंत. लाथही खाल्ली."

"मग कमी काय पडलं, बाबा?"

"गिऱ्हाईक." अंतोननं मागचं दार लोटून घेतलं. "आई मरताना बोलली. बाप्तिस्मा तिनं पोटासाठी घेतला होता. मूळची ती तुमच्यातली."

आई ज्यू तर लेकरू ज्यू. यावर मात्र तिन्ही टीकाकारांचं एकमत होतं.

"अरे, मग कान घेतलास कशाला?"

"नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं. पण आता ते मांस गल्लीभर जाईल."

खरं सांगावं तर चर्च अंतोनला सोडणार नव्हतं. गप्प बसावं तर गल्ली निषिद्ध खाणार होती.

शनिवारी सिनेगॉगमध्ये राब्बी उभे राहिले आणि चक्क खोटं बोलले. "सौद्याचे हिब्रू शब्द मीच सांगितले होते. चुकलो. गाईऐवजी शेळी म्हणालो. वासरू देवाचं."

"शेळी?" ब्राइनले वरच्या सज्ज्यातून ओरडली. "आणि माझ्या लेकीला काय आता तुमचे ग्रंथ नेसवू?"

राब्बींनी ग्रंथ विकले आणि लग्न लावून दिलं. पुरोहिताच्या अंगणात गोऱ्हा फुकट चरू लागला. शंका विचारायला लोक पलीकडच्या गावी जाऊ लागले. बाजारात राब्बी दिसले की ज्यू-ख्रिस्ती सगळे मिळून शेळीसारखं 'बें' करत.

अंतोनलाही करावं लागे.