आठ नंबरची बाटली

सिस्टरनी ड्रायव्हरच्या हातात रिकामी बाटली, आठ नंबरची चिठ्ठी आणि एक रबर ठेवलं.

"लघवी भरून आणा, चिठ्ठी बांधा आणि खिडकीतल्या ट्रेमध्ये ठेवा. चिठ्ठी भिजवू नका हं. मागच्या खेपेला नंबर पुसले आणि एका आजोबांना दिवस गेल्याचा रिपोर्ट मिळाला."

बाकावरची माणसं हसली. सगळ्यांत मोठ्याने हसला तो सात नंबरवाला, बसथांब्यासमोरच्या दुकानातला टेलरमास्तर. ड्रायव्हरला मात्र हसू आलं नाही.

दवाखान्यात वर्षातून एकदा अशी तपासणी असायची. बस चालवणाऱ्याला ती चुकवता येत नसे. फॉर्मवर डॉक्टरांची सही लागे. आणि गेले दोन महिने ड्रायव्हर रात्रीतून चार-चार वेळा उठत होता. त्याच्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. ही साखरच, त्याला शंका नव्हती. साखर निघाली की बस गेली, आणि बसशिवाय त्याला दुसरं काहीच येत नव्हतं.

त्याने आपली बाटली सातच्या शेजारी ठेवली. बाकीचे पलीकडच्या खोलीत डोळे तपासायला गेले. बाकावर ते दोघंच उरले.

"आठ नंबर! ड्रायव्हर आधी या!" आतून हाक आली.

सिस्टरनी प्रेशर मोजलं. "जरा चढलंय. घाबरलात की काय?"

"घाबरायचं काय त्यात," ड्रायव्हर म्हणाला.

तो बाहेर आला आणि टेलरमास्तर आत गेला. आता ट्रेपाशी कोणी नव्हतं. सात-आठच्या दोन बाटल्या शेजारी शेजारी, एकसारख्या पिवळ्या. ड्रायव्हरने दोन्ही रबरं सोडवली, सातची चिठ्ठी आठला बांधली, आठची सातला. मग हात पुसत बाकावर येऊन बसला.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी बोलावलं.

"साखर अजिबात नाही. फॉर्मवर सही केली आहे." ड्रायव्हरने श्वास सोडला. डॉक्टरांनी कागद उलटला. "पण लघवीतून प्रथिनं जाताहेत. किडनीचं दुखणं आहे. वेळेवर सापडलंय, औषधाने आटोक्यात राहील. हयगय केलीत तर मात्र वर्षभरात हाताबाहेर जाईल."

ड्रायव्हर मान हलवून बाहेर पडला. फॉर्म खिशात घातला आणि औषधांची चिठ्ठी रस्त्यावरच्या कचराकुंडीत टाकली. दुसऱ्याच्या दुखण्याचं औषध आपण कशाला खायचं?

सिस्टरचा दोनदा फोन आला. "मोठ्या डॉक्टरांकडे दाखवतोय," त्याने ठोकून दिलं.

आठवड्याभरात बायकोच सांगत आली, "अहो, टेलरमास्तरांचा रिपोर्ट लख्ख आला म्हणे. साखर नाही, काही नाही. त्यांची बायको दारोदार सांगत सुटली आहे."

ड्रायव्हरच्या मनावरचा उरलासुरला भार उतरला. लख्ख रिपोर्टची ती बाटली त्याची होती. त्याला स्वतःला काहीच झालं नव्हतं. मग दुसराच भार चढला. त्या बिचाऱ्याला कोण सांगणार?

बस रोज त्या दुकानासमोर थांबायची. ड्रायव्हर रोज आत डोकावायचा. आज चेहरा उतरला असेल, आज दुकान बंद असेल. पण टेलरमास्तर मशीनवर बसलेलाच असे, गुबगुबीत, गालावर लाली घेऊन. सुरुवातीला तो हात करायचा. मग हात करणं थांबलं. बस दिसली की त्याचा मशीनवरचा पाय थांबायचा, आणि बस हलेपर्यंत तो ड्रायव्हरकडे नुसता बघत राहायचा. दहनाला आलेला माणूस बघतो तसा.

ह्याला कळलंय, असं ड्रायव्हरला वाटू लागलं. त्याचं अन्न तुटलं. तोंडाला सतत कडवट चव असायची.

"अहो, पँट कमरेला राहत नाही आणि बूट पायात जात नाही," बायको म्हणाली. "वरचं मांस खाली उतरवलंत की काय? एकदा दाखवून तरी या."

"दाखवलंय की. रिपोर्ट लख्ख आहे." तो सुजलेले पाय खुर्चीवर ठेवून बसला. मनाला लागलेलं अंगावर येतं, दुसरं काय.

आठ महिने झाले. एका सुट्टीच्या दिवशी त्याने ठरवलं, आज सांगून टाकायचं. उशीर झाला असेल, पण त्या माणसाला औषध तरी सुरू करता येईल. निमित्ताला दोन पँटी घेऊन तो दुकानात शिरला.

"कंबर कमी करून द्या, मास्तर."

टेलरमास्तरने त्याच्या कमरेला टेप लावली. "पाच इंच," तो पुटपुटला. मग त्याने उठून दुकानाचं दार ओढून घेतलं.

"मास्तर, मला तुम्हाला काही सांगायचंय," ड्रायव्हर म्हणाला.

"आधी मी सांगतो. नाहीतर पुन्हा धीर होणार नाही." त्याने ड्रायव्हरचे दोन्ही हात धरले. "मला गोडाचं व्यसन. साखर निघाली तर घरात एक दाणा तोंडात पडू देणार नाहीत, म्हणून त्या दिवशी दवाखान्यात मी आपल्या चिठ्ठ्या बदलल्या. माझी बाटली तुमच्या नावावर गेली. नसलेल्या साखरेच्या गोळ्या खाऊन तुम्ही असे वाळत चाललात. रोज बसमध्ये बघतो आणि जेवण जात नाही. बंद करा त्या गोळ्या! तुम्हाला काही झालेलं नाही."

ड्रायव्हरने हात सोडवून घेतले आणि शिलाईच्या स्टुलावर हळूच बसला.

"कधी बदलल्यात?"

"तुम्ही आत प्रेशर मोजायला गेलात ना, तेव्हा."

"म्हणजे मी बदलल्या त्याच्या आधी," ड्रायव्हर म्हणाला.