चाळीस हात दोर

“दहा बाय दहा केलं तर शंभर. अठरा बाय दोन केलं तर छत्तीस. आई, हे तरी कळतंय का?”

अंबिका तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. “दोर कमी झाला का?”

“नाही झाला.”

“मंग?”

स्वप्नालीनं कपाळाला हात लावला. भाईंदरच्या क्लासमध्ये ती पाचवीच्या पोरांना परिमिती आणि क्षेत्रफळ शिकवायची. अख्ख्या वर्गाच्या डोक्यात शिरायचं, ते एका सासूच्या डोक्यात शिरत नव्हतं.

चौक गावच्या खळ्यावर जवळा सुकवायची रीत ठरलेली होती. पावसाळा सरला की प्रत्येक घराला चाळीस हात दोर मिळे. आपली पाळी आली की तो जमिनीवर चार कोपरे करून टाकायचा. आत जेवढी जमीन येईल तेवढी मोसमभर त्या घराची. कोपऱ्यावर नारळ फुटला की दोर शिमग्यापर्यंत हलवायचा नाही. दोर सारखा म्हणजे जागा सारखी, असं सगळा गाव मानायचा, आणि त्यावरून कधी तंटा झाला नव्हता.

बाकीची घरं ऐसपैस चौकोन टाकायची. अंबिकाही पूर्वी टाकायची. मग तीन वर्षांमागे कुठून तिच्या मनात ती पट्टी शिरली कोण जाणे! दोन हात रुंदीच्या पट्टीत जवळा थरावर थर पडे, खालचा ओला राही, वास सुटे आणि निम्मा खतात जाई. यंदाही तसंच झालं तर स्वप्नालीचा नवरा निकेत होडी विकून काशीमिऱ्याच्या गोदामात कामाला लागणार होता. तसं तो बोलून मोकळा झाला होता. ज्या माणसाला जमिनीवर धड झोप लागत नाही, तो आता दिवसभर खोकी उचलणार!

“पण पट्टीच का?” तिनं पुन्हा विचारलं.

“बरी पडते. मधोमध हात पोचतो.”

पालथ्या घड्यावर पाणी.

आपल्या आईकडे मन मोकळं करावं तर तिथंही तीच गत. तिची आई शैला, तीन वर्षांमागे नवरा गेल्यापासून चौक गावातच भावाच्या घरामागच्या खोलीत राहायची आणि भाईंदरच्या बाजारात सुका जवळा विकून आपलं पोट भरायची. भावाच्याच जागेत तिचाही माल सुकत असणार. स्वप्नालीला क्लासपायी खळ्यावर फिरकायलाही वेळ नसे. शैला लेकीकडे यायची, उंबऱ्याशी बसून गप्पा मारायची, पण चहाचा कप पुढे आला की पदर सावरून उठायची. लेकीच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही, हा तिचा हट्ट कोणालाही मोडता आला नव्हता.

“सासूशी भांडू नको गो बाय,” ती म्हणाली. “देवमाणूस हाय ती.”

“असेल, मम्मी. पण देवमाणसाचं गणित कच्चं आहे, आणि भोगतोय आम्ही.”

दोर टाकायच्या दिवशी निकेत समुद्रात होता आणि अंबिकेचा गुडघा सुजून टम्म झाला होता. स्वप्नालीनं क्लासला सुट्टी टाकली आणि खुंटीवरचा दोर खांद्यावर घेतला.

“पट्टीच टाक गो!” अंबिका खाटेवरून ओरडली. “मी हात जोडते तुला!”

स्वप्नालीनं चप्पल घातली. या बाईला झालंय तरी काय, या रागातच तिनं दार ओढून घेतलं.

खळं जवळजवळ भरलं होतं. पाळ्या पुकारायचं काम म्हाताऱ्या शेवंतीकडे होतं. तिनं अंबिकेच्या घराचं नाव घेतलं तेव्हा पलीकडच्या भिंतीपर्यंत थोडीच जमीन उरली होती. स्वप्नालीनं दोर ताणून नीट चौकोन टाकला, दहा बाय दहा.

“अंबिकेला इचारलंस?” शेवंतीनं हळूच विचारलं.

आणि स्वप्नालीचा बांध फुटला.

“काय विचारायचं? सगळ्यांनीच ऐका आज! दोर सारखा असला म्हणून जागा सारखी होत नाही. पट्टीत चार टोपल्या जवळा सुकतो, या चौकोनात अकरा सुकेल. दोर तोच! मग आमच्या बाकीच्या टोपल्या कुठं जात होत्या? आमच्या पट्टीपलीकडे जो कोणी ऐसपैस पसरत होता, त्याच्या पदरात. आमच्या घरचं खात होता तो, आणि त्याला पत्ताही नाही!”

बायका गप्प झाल्या. कोणी टोपली उचलली, कोणी नुसतीच खाली बघत राहिली. वर्गात गणित उमगलं की पोरं अशीच गप्प होतात, हे स्वप्नालीला माहीत होतं. कितीतरी दिवसांनी तिला मोकळं वाटलं. तिनं कोपऱ्यावर नारळ आपटला. पहिल्या फटक्यात फुटला.

“आता हलत न्हाय हा दोर,” शेवंती म्हणाली.

“हलवायचाच नाहीये.”

शेवंतीनं वाकून नारळाची शकलं उचलली. चौकोन आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम दोन हात जमीन उरली होती. त्या जमिनीकडे शेवंती जरा बघत राहिली.

“शेवटची पाळी,” ती म्हणाली.

बायकांच्या घोळक्यामागून स्वप्नालीची आई पुढे आली, तिनं खांद्यावरचा चाळीस हात दोर उतरवला आणि तो न टाकताच शेवंतीच्या हातात परत दिला.