पंचेचाळीस टक्के

“आकडा?” जयप्रकाशांनी विचारलं. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांच्या तोंडात जे दहा-बारा शब्द उरले होते, त्यातला हा पहिला.

सुमेधा चहाचा कप घेऊन उभी होती. तिने आठवत असल्यासारखं त्यांच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे पाहिलं.

“एकाहत्तर.”

जयप्रकाशांनी डोळे मिटून घेतले. काल अडुसष्ट होता.

“मशीन?”

“चालू आहे. रोज पाणी काढते त्यातलं.”

“मग?”

“पाऊस थांबत नाहीये, अहो.”

सीवूड्सच्या त्या फ्लॅटमध्ये दोन बेडरूम होत्या. रस्त्याकडची मोठी, एसीची, ती संग्रहाची. तिथे टीव्ही गेमच्या आठशे बारा कॅसेट आणि एकतीस यंत्रं होती. बत्तीस वर्षं जयप्रकाशांनी ती जमवली. काही खोकी तर कंपनीच्या मूळ प्लास्टिकमध्ये, कधीच न उघडलेली. खाडीची हवा खिडकीचे गज खाते, तशी कॅसेटच्या आतल्या सोनेरी पट्ट्याही खाते. म्हणून एसी चोवीस तास, शेजारी हवेतली ओल ओढणारं मशीन, आणि भिंतीवर ओलाव्याचे दोन मीटर. एक चुकला तर दुसरा खरं सांगेल. आकडा पंचेचाळीस टक्के. पन्नासवर गेला की पुठ्ठा फुगतो, साठवर बुरशी. पाच मिनिटांपेक्षा जास्त कोणी आत थांबायचं नाही, कारण माणसाच्या श्वासातून वाफ सुटते.

खाडीकडची दुसरी खोली पूर्वी मनस्वीची होती. दाराच्या चौकटीवर लेकीच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा अजून होत्या. शेवटची अकराव्या वर्षाची. जूनमध्ये हॉस्पिटलातून घरी आणल्यावर सुमेधाने जयप्रकाशांचा पलंग तिथे लावला, उशी भिंतीकडे. त्यांची मान पुरती वळत नव्हती. त्यांना दार दिसे, खिडकीचा एक तुकडा दिसे, बस.

बंगळुरूचा शौनक ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी येणार होता. तो जुन्या व्हिडिओ गेमचं संग्रहालय उभारत होता. एक अख्खं दालन जयप्रकाशांच्या नावाचं. अट एकच घातली होती त्याने: बुरशीचा एक डाग दिसला तरी काही घेणार नाही. एका पेटीची बुरशी शंभर पेट्यांना लागते.

आणि आकडा रोज चढत होता.

त्यांना आंघोळ घालायला करावे गावातून गोजरा यायची. पन्नाशीची, तोंडाने फटकळ.

“काकांची छाती बघा कशी वाजतेय,” ती एकदा पाठ पुसताना म्हणाली. “या खोलीन लय ओल हाय, ताई. तिकरं एसीत न्या ना त्यांना. गेम काय मरतान काय?”

“तिकडे माणूस ठेवत नाहीत, गोजराबाई,” सुमेधा म्हणाली. “यांनाच विचारा.”

जयप्रकाशांनी होता नव्हता तेवढा जोर लावून मान हलवली. नाही. तिकडे नाही.

“धन्य हाय बाबा तुमची,” गोजरा म्हणाली आणि टॉवेल पिळायला गेली.

पुढच्या आठवड्यात आकडा शहात्तर झाला.

“बुरशी?” त्यांनी भीत भीत विचारलं.

“धरलीय. कोपऱ्यात. काळे ठिपके आहेत.”

“पूस!”

“पुसते की. पुन्हा येते.”

त्यांच्या उजव्या डोळ्यातून पाणी कानात गेलं. सुमेधाने ते पदराने टिपलं, उशी सारखी केली. बायकोच्या हाताला यश नाही, एवढंच त्यांना वाटलं. कधीच नव्हतं. मनस्वीला दमा होता, तेव्हाही हीच रडारड. वाशीहून एक मीटर आणून तिने पोरीच्या खोलीत टांगला होता आणि आकडा दाखवायला त्यांना हाताला धरून नेलं होतं. “चार महिने हिला एसीत झोपवू या. डॉक्टर म्हणालेत.” ते शांतपणे म्हणाले होते, “माणूस औषध घेतं, सुमे. कॅसेट घेत नाही.” मीटर मात्र चांगला होता. तो काढून त्यांनी संग्रहाच्या खोलीत लावला. संग्रहाचा दुसरा मीटर तो हाच.

त्याच ऑगस्टमध्ये मनस्वी गेली. सुमेधाने तो विषय पुन्हा काढला नाही.

शनिवारी शौनक आला. तोंडाला मास्क, हातात पांढरे मोजे. दोन तास तो संग्रहाच्या खोलीत होता. जयप्रकाश छताकडे बघत पडून होते. प्रत्येक श्वासाला छातीत शिट्टी वाजत होती. पेट्या सरकल्याचा आवाज आला की त्यांची बोटं चादर धरत.

शेवटी तो दारात आला. मास्क खाली ओढला.

“काका, मानलं तुम्हाला!”

जयप्रकाशांची चादर धरलेली बोटं सुटली.

“मी एवढी कलेक्शन्स बघितली, पण असं मेंटेन केलेलं एकही नाही. कुठे डाग नाही, गंज नाही. मीटर बरोबर पंचेचाळीसवर. काकूंनी रोजचे आकडे वहीत लिहून ठेवलेत, जूनपासून. एक दिवस सेहेचाळीस नाही! सगळं घेतोय मी. सोमवारी टेम्पो येईल.”

सुमेधा त्याच्यामागे उभी होती.

“ओल ओढणारं ते मशीनपण घेऊन जा,” ती म्हणाली. “आणि एसीसुद्धा.”

“अहो काकू, ते राहू द्या! तुम्हाला लागेल की. काकांना आता त्या खोलीत—”

“न्या. प्रवासात पेट्यांना लागेल. माणूस काय, औषध घेतं.”

शौनक गेला. लिफ्टचं दार वाजलं. सुमेधा परत आली आणि पलंगापाशी उभी राहिली.

जयप्रकाशांचे ओठ बराच वेळ हलत राहिले. मग शब्द सापडला.

“आ... आकडा?”

तिने वाकून त्यांच्या उशीमागच्या भिंतीवरून, मनस्वीच्या जुन्या खिळ्यावरून, वाशीचा मीटर काढला आणि त्यांच्या डोळ्यांसमोर धरला.

“त्र्याऐंशी,” ती म्हणाली, आणि तो पुन्हा जागच्या जागी अडकवला.