वर्षांचा रकाना

“याला किती वर्षं?” मुलीने पुन्हा विचारलं.

“तीन.” बाबांनी तक्त्यावर बोट ठेवलं. “भूगर्भशास्त्राला सगळीकडे तीनच. मघाशीही सांगितलं.”

तिने हिरव्या पेन्सिलीने ती ओळ खोडली.

सलग तिसरा रविवार होता. जेवणाच्या टेबलावर अकरा विद्यापीठांची माहितीपत्रकं पसरली होती आणि ताटं ठेवायलाही जागा नव्हती. बाबा एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. आठवडाभर दुसऱ्यांच्या चुका शोधून डोळे चुरचुरायचे, आणि सुट्टीच्या दिवशी हा तक्ता. तो त्यांनी स्वतः पट्टीने आखला होता. विद्यापीठ, विषय, घरापासूनचं अंतर, वर्षं. शेवटचा रकाना कागदावर जागा उरली म्हणून वाढवलेला. मुलगी नेमकी तिथूनच वाचायला सुरुवात करायची.

लहानपणापासून ती दगड गोळा करायची, म्हणून घरात तिला गारगोटी म्हणत. खिडकीच्या कठड्यावर तिचे दीडेकशे दगड होते. प्रत्येकाखाली बारीक अक्षरातली चिठ्ठी: कुठे सापडला, कधी, कोणत्या जातीचा. चिठ्ठ्यांतल्या शब्दांसाठी ती हल्ली बाबांचा जाडजूड शब्दकोशही उघडू लागली होती. बाबांना त्याचं फार कौतुक. महिन्यापूर्वीपर्यंत तिला दगडांशिवाय दुसरं काही शिकायचंच नव्हतं.

आणि आता डॉक्टरी.

दोन वाजता आई कामावरून आली. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती. रविवारची पाळी ती आपणहून मागून घ्यायची. सोफ्यावरची चादर-उशी तिने बाजूला सारली आणि कडेला टेकली. पाठदुखीमुळे बाबा दोनेक वर्षं सोफ्यावरच झोपत.

“पाणी देऊ?” बाबांनी विचारलं.

“नको, थँक्यू. तुम्ही बसा. ठरलं का हिचं?”

“डॉक्टरी म्हणतेय.”

“अजून तेच?” आई मुलीकडे वळली. “अगं, माझ्या लॅबमध्ये कापसाचा लाल बोळा पाहून बाकावर आडवी झाली होतीस. सुई टोचली होती त्या आजोबांना, आणि तेच तुला वारा घालत होते.”

“सवय होईल.”

“तुझी ती मैत्रीण डॉक्टरीला चाललीये म्हणून हे खूळ. उद्या तिने विहिरीत उडी मारली तर तूही मारशील?”

“विहिरीत दगड छान मिळतात, आई.”

बाबा खो खो हसले. आईलाही हसू आवरलं नाही. गारगोटीने चटकन दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. नदीकाठी एखादा वेगळा दगड दिसला की ती असंच पाहायची.

मग आई चष्मा पुसत म्हणाली, “दगडांना रक्त नसतं, बाळा. तिकडे जा. तीन वर्षांत मोकळी होशील.”

“मला एवढ्यात मोकळं नाही व्हायचं.”

बाबांनी एक माहितीपत्रक पुढे सरकवलं. त्यावर उघड्या डोंगरकड्याचं चित्र होतं. “हा विभाग बघ. नावाजलेला आहे. रात्रभराचा प्रवास, पण हॉस्टेल आहे. सोडायला येऊ की आम्ही दोघं.”

“दोघं?”

“म्हणजे… हो. दोघं.”

तिने कड्यावरच्या थरांवरून बोट फिरवलं. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. मग पत्रक मिटून परत दिलं.

“बाबा, पदवी पूर्ण झाली असं नक्की कधी म्हणायचं? शेवटची परीक्षा दिली की?”

कोणी नेमका प्रश्न विचारला की बाबांचा थकवा जरा उतरायचा. “नाही. प्रमाणपत्र हातात आलं की.”

“मग डॉक्टरीला इंटर्नशिपही धरायची?”

“धरावीच लागेल. त्याशिवाय प्रमाणपत्र कुठलं? साडेपाच वर्षं.”

“आणि घरून जाता येईल?”

“बसने वीस मिनिटं.”

“मग हेच भरा.”

“गारगोटी, अजून विचार कर.”

“केलाय, बाबा. खूप केलाय. भरा ना.”

तिचा आवाज अगदी त्यांच्याइतकाच दमलेला वाटला. बाबांनी संगणक जवळ ओढला. अर्ज कायम केल्यावर बदल होणार नाही, अशी सूचना पडद्यावर लाल अक्षरांत होती. त्यांनी अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचला. छापून आल्यावर सापडलेली चूक कशी छळते, हे त्यांना ठाऊक होतं. यात एकही चूक नव्हती.

बटण गारगोटीनेच दाबलं. मग ‘मैत्रिणीला सांगून येते’ म्हणाली आणि चपला घालून गेली.

दार लागलं. जिन्यावरची पावलं ऐकू येईनाशी झाली.

“साडेपाच,” आई म्हणाली.

“हो.”

“मी तीन धरून चालले होते.”

“मीही.”

“कागदावर तारीख घातली होती का आपण?”

“नसावी. बघतो.”

बाबांनी कपाटातून शब्दकोश काढला. घरात याहून सुरक्षित जागा नाही, असं तेव्हा त्यांनीच म्हटलं होतं. मधल्या पानांतून घडी काढून ती त्यांनी टेबलावर उलगडली. खाली दोघांच्या सह्या, वकिलाचा शिक्का. सवयीने ते अक्षर न् अक्षर तपासत गेले. ‘मुलीची पदवी पूर्ण होईपर्यंत उभयतांनी एकाच घरात राहावे, त्यानंतर परस्परसंमतीने विभक्त व्हावे.’ तारीख नव्हती.

‘पदवी पूर्ण होईपर्यंत’ या शब्दांखाली मात्र हिरव्या पेन्सिलीची रेघ होती. बाजूला समासात बारीक अक्षरात ‘तीन’ लिहून खोडलं होतं, आणि त्याच्यापुढे लिहिलं होतं: साडेपाच.